कीर्द पाठवावी, खतावणी नको

सकाळी सव्वासहाची वेळ. शाहूवाडी, भुदरगड किंवा अकोले तालुक्याच्या डोंगरी भागातलं कुठलंही दूध संकलन केंद्र डोळ्यांसमोर आणा. बाहेर किटल्या घेऊन रांग. आत वजनकाटा, मिल्क अ‍ॅनालायझर, एक जुना संगणक, पावत्यांचा छोटा प्रिंटर आणि खिडकीच्या गजाला चिकटपट्टीने बांधलेला डोंगल, कारण रेंज त्या एका खिडकीतच येते. दूध मोजायचं, नमुना यंत्राला लावायचा, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून उरणारे घन पदार्थ) आले की दरपत्रकात बघून रक्कम काढायची, पावती हातात द्यायची. माणशी मिनिटभर. एकशेवीस उत्पादक म्हणजे दोन तास. या दोन तासांत वीज एकदा जाते, नेट चारदा जातं. रांग थांबवता येत नाही, कारण दूध थांबत नाही.

अशी चाळीस केंद्रं आणि तालुक्याच्या गावी मुख्य कार्यालय. दर दहा दिवसांनी उत्पादकांची बिलं तिथून निघतात. केंद्रांवरच्या नोंदी तिथे पोचायला हव्यात आणि तिथले दर केंद्रांवर. यावर ‘डेटाबेसचं रेप्लिकेशन लावून टाका’, म्हणजे एकीकडच्या नोंदींची नक्कल दुसरीकडे आपोआप होत राहील असं करा, हे उत्तर कुणीही देईल. देणारा चुकत नाही, पण त्याने अजून काहीच सांगितलेलं नसतं. या एका शब्दाखाली निदान पाच वेगवेगळ्या गोष्टी येतात, आणि त्यातल्या तीन इथे लावल्या तर पहिल्या पावसाळ्यात गळ्याशी येतात. निवड करताना लोक विचारतात, नोंद किती सेकंदांत पोचते? मला वाटतं विचारायचं ते वेगळंच आहे. सहा दिवस मेलेलं नेट सातव्या दिवशी जिवंत झालं, तर पुढच्या अर्ध्या तासात नेमकं काय काय होणार? हे ज्याला सांगता येतं, त्याची निवड झालेली असते.

आधी आकार बघू, कारण इथे पुष्कळांचा अंदाज चुकतो. एका नोंदीत केंद्र, उत्पादक क्रमांक, तारीख, सकाळ की संध्याकाळ, गाय की म्हैस, लिटर, फॅट, एसएनएफ, दर, रक्कम इतकंच असतं. सढळ हाताने धरलं तरी 200 बाइट. दोन्ही वेळचे मिळून 240 नोंदी, म्हणजे दिवसाला 48 किलोबाइट. चाळीस केंद्रांचे मिळून दोन मेगाबाइटसुद्धा होत नाहीत. व्हॉट्सअ‍ॅपवरचा सुप्रभातचा एक व्हिडिओ याहून जड असतो. तेव्हा अडचण नेटच्या रुंदीची नाहीच. अडचण ते सलग नसण्याची आहे. म्हणून ‘फायबर आलं की सुटेल’ म्हणून वाट बघत बसणं व्यर्थ. फायबर येतं, आणि रस्ता रुंद करणारा जेसीबी ते तोडतो.

सगळ्यात आधी बाद करायचा तो प्रकार म्हणजे जिथे नोंद पक्की व्हायला दुसऱ्या टोकाचा होकार लागतो. सिंक्रोनस रेप्लिकेशन घ्या, नाहीतर गॅलेरासारखा क्लस्टर, म्हणजे एकजुटीने चालणारा सर्व्हरांचा गट, घ्या. एकाच इमारतीत तीन सर्व्हर असतील तर गॅलेरा उत्तम. पण त्याचा स्वभाव बहुमताचा आहे. एखादा सदस्य साधारण पाच सेकंद बोलला नाही की त्याच्यावर संशय घेतला जातो, पंधरा सेकंदांनी त्याला धरूनच चालत नाहीत. आणि जो एकटा पडला तो स्वतःहून काम बंद करतो. साधी चौकशीसुद्धा नाकारतो. ही त्याची चूक नव्हे, तीच त्याची सचोटी आहे. दोन तुकड्यांनी दोन वेगळी सत्यं लिहू नयेत म्हणून तो हात वर करतो. एरिक ब्रूअर यांनी 2000 साली मांडलेलं आणि गिल्बर्ट व लिंच यांनी 2002 साली सिद्ध केलेलं कॅप प्रमेय हेच सांगतं: तुकडे पडले की एकवाक्यता किंवा उपलब्धता यांतलं एकच हातात राहतं. बँकेने एकवाक्यता धरावी. दूध केंद्राने उपलब्धता धरावी, कारण रांगेतल्या माणसाला ‘क्लस्टरचं बहुमत नाही’ हे सांगता येत नाही.

ब्राउझरमधून थेट मुख्य कार्यालयात नोंद करण्याची पद्धतही याच माळेची. नेट गेलं की केंद्रचालक कच्च्या वहीत लिहितो आणि रात्री बसून भरतो. म्हणजे कागदाचं रेप्लिकेशन झालं. फक्त ते कुणी आखलेलं नसतं, आणि 3.8 चं 8.3 तिथेच होतं.

आता पोस्टग्रेस या डेटाबेसबद्दल, कारण नवीन कामात बहुधा तेच निघतं. त्याचं स्ट्रीमिंग रेप्लिकेशन 2010 सालच्या 9.0 आवृत्तीपासून आहे. कुठलंही पान बदलण्याआधी पोस्टग्रेस तो बदल वॉल नावाच्या वहीत लिहून ठेवतं. स्ट्रीमिंग म्हणजे ती वहीच जशीच्या तशी पुढे पाठवणं. ऐकायला छान. पण यात पाठवली जातात ती डिस्कच्या पानांची हालचाल, तुमच्या नोंदी नव्हेत. दर पाच मिनिटांच्या चेकपॉइंटनंतर (बदललेली पानं डिस्कवर पक्की करण्याच्या टप्प्यानंतर) एखादं पान पहिल्यांदा बदललं की अख्खं आठ किलोबाइटचं पान वहीत उतरतं. टेबल आणि इंडेक्स मिळून पाच पानं धरली तर 40 किलोबाइट. दोन तासांत असे 24 चेकपॉइंट, म्हणजे जवळजवळ एक मेगाबाइट. मूळ नोंदी होत्या 24 किलोबाइटच्या. चाळीसपट ओझं! वॉलच्या फाइली दर पाच मिनिटांनी पाठवायच्या असं ठरवलं तर प्रत्येक फाइल 16 मेगाबाइटची. बरीचशी रिकामी असते, दाबली की बारीक होते, पण दाबायचं कुणी विसरलं की डोंगलचा दिवसाचा कोटा सकाळीच संपतो. आणि हे सगळं सोसूनही खरी अडचण राहतेच. स्ट्रीमिंगची नक्कल फक्त वाचता येते आणि एक नक्कल एकाच मूळ सर्व्हरची असते. चाळीस केंद्रांसाठी मुख्य कार्यालयात चाळीस वेगळे सर्व्हर उभे करावे लागतील, आणि दरपत्रक खाली पाठवायचा मार्ग त्यातून मिळणार नाही तो नाहीच.

लॉजिकल रेप्लिकेशन, जे 2017 सालच्या दहाव्या आवृत्तीत आलं, ते या कामाच्या बरंच जवळ आहे. इथे नोंदी जातात, पानं नाहीत. चाळीस ठिकाणचे बदल एकाच टेबलात जमा करता येतात. पंधराव्या आवृत्तीपासून ओळी गाळून पाठवता येतात, म्हणजे प्रत्येक केंद्राला फक्त त्याचे सभासद. पण चार खड्डे आहेत, आणि चारही नेट परत आल्यावरच दिसतात.

पहिला खड्डा दिशेचा. इथे घेणारा देणाऱ्याला फोन लावतो. केंद्राच्या नोंदी हव्यात तर मुख्य कार्यालयाने केंद्राकडे जोडणी करायची. पण सिमकार्डाच्या मागे बसलेल्या केंद्राला स्वतःचा असा पत्ता नसतो. मोबाइल कंपनी शेकडो ग्राहकांना एका पत्त्यामागे लपवते. बाहेरून आत येणारी हाक पोचतच नाही. म्हणून केंद्राकडून बाहेर जाणारा बोगदा लागतो. वायरगार्ड त्यासाठी सोयीचं आहे. पत्ता बदलला तरी ते पुन्हा धरतं, आणि दर 25 सेकंदांनी एक टकटक पाठवायची सोय चालू केली की मधलं दार मिटत नाही. तरी एक विचित्र दुखणं उरतं: छोट्या चौकश्या चालतात, मोठी तुकडी पाठवली की लटकते. कारण बोगद्याच्या पाकिटाचा आकार. मूळचा 1420 बाइट असतो; मधल्या एखाद्या जोडणीला तो झेपत नाही आणि ती तसं सांगतही नाही. 1280 वर आणला की सुरळीत. या एका आकड्यापायी लोकांनी डेटाबेस बदललेले आहेत.

दुसरा खड्डा स्लॉटचा, आणि तो सगळ्यात महागडा. घेणाऱ्याने कुठपर्यंत घेतलं हे देणारा स्लॉटमध्ये लिहून ठेवतो आणि तोवरची वॉल फेकत नाही. भलेपणाच म्हणायचा. पण पावसाळ्यात एक केंद्र वीस दिवस बंद राहिलं, तर त्याच्या एकट्याच्या नावाने मुख्य कार्यालयाच्या डिस्कवर वीस दिवसांची वॉल साठत राहते, सगळ्या टेबलांची. डिस्क भरते. सर्व्हर थांबतो. एका खेड्यातला बंद डोंगल तालुक्याची बिलं अडवतो. 2020 सालच्या तेराव्या आवृत्तीत यावर मर्यादा घालायची सोय आली, ‘मॅक्स स्लॉट वॉल कीप साइज’ नावाची. मुळात ती अमर्याद ठेवलेली असते, म्हणजे आपण आकडा घातल्याशिवाय उपयोग नाही. मोकळ्या जागेच्या निम्मा घालावा. मर्यादा ओलांडली की तो स्लॉट बाद होतो आणि त्या केंद्राला पहिल्यापासून भरावं लागतं. हे वाईटच, पण एकाचं वाईट.

त्या ‘पहिल्यापासून भरण्या’तच तिसरा खड्डा आहे. सुरुवातीची नक्कल टेबलामागून टेबल होते, आणि एखादं टेबल निम्म्यावर असताना जोडणी तुटली तर त्या टेबलाची नक्कल पुन्हा शून्यापासून. दर वीस मिनिटांनी तुटणाऱ्या लाइनवर पाऊण तासाचं टेबल कधीच पुरं होत नाही. ते रात्रभर धावतं आणि सकाळी तिथेच असतं. पहिली भरणी पेनड्राइव्हने करावी. आधी स्लॉट तयार करायचा, त्याच क्षणाच्या स्नॅपशॉटवर (गोठवलेल्या चित्रावर) डंप, म्हणजे सगळ्या नोंदींची फाइल, काढायचा, केंद्रावर उतरवायचा आणि नक्कल न करता जोडणी सुरू करायची. क्रम उलटा केला, आधी डंप आणि मग स्लॉट, तर मधल्या तासाभराच्या नोंदी कायमच्या हरवतात, आणि त्या हरवल्याचं कुणी कळवत नाही.

चौथा खड्डा टेबलाच्या रचनेचा. नवा रकाना घातला तर तो आपोआप पुढे जात नाही. देणाऱ्याकडे आधी घातला आणि घेणाऱ्याकडे नाही, की घेणारा चूक देऊन थांबतो, पुन्हा सुरू होतो, पुन्हा थांबतो, आणि त्यामागचं सगळं अडकतं. एखादा क्रमांक दोनदा आला तरी हेच. रकाना नेहमी घेणाऱ्याकडे आधी, आणि रिकामा चालेल असा. चाळीस केंद्रांपैकी सदतीस मंगळवारी नवीन होतात आणि तीन पुढच्या महिन्यात. तोपर्यंत जुनी आणि नवी नोंद शेजारी शेजारी नांदली पाहिजे.

मायएसक्यूएल वापरणाऱ्यांनी यातून आपण सुटलो असं समजू नये. तिथे बिनलॉग, म्हणजे बदलांची वही, घेणाऱ्याची वाट बघत नाही. आठव्या आवृत्तीत तो मुळात 30 दिवस ठेवला जातो आणि मग पुसला जातो. डिस्क भरत नाही, पण एकतिसाव्या दिवशी परतलेल्या केंद्राला 1236 क्रमांकाची चूक मिळते आणि तीच पहिल्यापासूनची भरणी. एसक्यूएल सर्व्हरच्या मर्ज रेप्लिकेशनमध्ये ही मुदत मुळात 14 दिवसांची असते. प्रत्येक अवजाराला असा एक आकडा असतो: किती दिवस गैरहजर राहिलं तर नाव पटावरून कमी होतं. तो आकडा तुमच्या सर्वांत लांबच्या गैरहजेरीपेक्षा मोठा हवा. डोंगरातल्या केंद्रासाठी मी 45 दिवस धरीन.

*

अवजारांची ही तुलना कितीही लांबवता येईल, पण खरा निर्णय तिच्या आधी घ्यायचा असतो, आणि तो जुन्या पेढीवरचा मुनीम चांगला घेईल. पेढीवर दोन वह्या. रोजकीर्दीत जे घडलं ते घडलं त्या क्रमाने लिहायचं. खतावणीत खात्यावार बाकी. कीर्दीतलं खोडायचं नाही. चुकलं तर उलट नोंद करायची. खतावणी हरवली तर कीर्दीवरून पुन्हा लिहिता येते. कीर्द हरवली तर पेढी बुडाली.

दूरच्या केंद्राकडून कीर्द मागवावी. खतावणी कधी मागवू नये.

म्हणजे असं. केंद्राने ‘उत्पादक 47 ची बाकी 3,412 रुपये’ ही ओळ बदलून पाठवली आणि त्याच दिवशी मुख्य कार्यालयाने पशुखाद्याची कपात करून तीच ओळ 2,900 केली, तर दोन खरी माणसं एका ओळीवर भांडतात आणि कुठलंही रेप्लिकेशन तो तंटा प्रामाणिकपणे सोडवू शकत नाही. कुणीतरी हरणार. पण केंद्राने ‘7.5 लिटर, 3.8, 8.4’ ही नवी ओळ लिहिली आणि कार्यालयाने ‘एक पोतं, कपात’ ही वेगळी ओळ लिहिली, तर भांडायला जागाच नाही. बाकी ही बेरीज आहे. ती मुख्य कार्यालयात काढावी.

त्यातून दुसरा नियम निघतो: प्रत्येक ओळीचा धनी एकच. दूध नोंदीचं धनी केंद्र. दरपत्रकाचं मुख्य कार्यालय. सभासदाच्या माहितीवर मात्र दोघांचा हात असतो. मोबाइल नंबर केंद्राला कळतो, बँक खातं कार्यालयाने तपासायचं असतं. मग ती एक ओळ ठेवूच नये; दोन टेबलं करावीत, एकेकाला एकेक धनी. केंद्राला खातं क्रमांक बदलायचा असेल तर त्याने विनंतीची नोंद लिहावी. बदल कार्यालय करील.

हे जमलं की तंटा सोडवणाऱ्या यंत्रणांचं आकर्षण आपोआप ओसरतं. काउचडीबी हे बघण्यासारखं अवजार आहे. एचटीटीपीवर चालतं, तुटलं तिथून पुढे धरतं, आणि एकाच कागदाच्या दोन आवृत्त्या झाल्या तर दोन्ही जपून ठेवतं. सगळीकडे सारखाच ‘विजेता’ निवडतं, पण हरलेला फेकत नाही. आरोग्यसेविकांच्या फोनवर चालणाऱ्या नोंदींसाठी अशा अवजाराचा चांगला उपयोग झालेला आहे. अट एकच: हरलेल्या आवृत्त्या कुणीतरी वेळोवेळी उघडून बघायला हव्यात. बहुतेक ठिकाणी कुणी बघत नाही. मग ते ‘शेवटी लिहील तो जिंकेल’ याहून फार वेगळं राहत नाही.

आणि ‘शेवटी’ म्हणजे कुणाच्या घड्याळाने? केंद्रावरच्या जुन्या संगणकाची नाण्याएवढी बॅटरी, सीआर2032, संपलेली असते. वीज गेली की घड्याळ कारखान्यातल्या तारखेवर जातं. नेट नसलं तर दुरुस्त होत नाही. ज्याचं घड्याळ पुढे तो प्रत्येक तंट्यात जिंकतो, महिनोन्‌महिने. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी 1978 सालीच दाखवलं होतं की विखुरलेल्या यंत्रांत क्रम लावायला घड्याळ लागत नाही, मोजणी पुरते. इथेही प्रत्येक केंद्राच्या नोंदीला चढता अनुक्रमांक द्यावा आणि क्रम त्यावरूनच लावावा. वेळ पावतीसाठी ठेवावी. घड्याळ जुळवायला क्रोनी बरं; अधूनमधून येणाऱ्या जोडणीची त्याला सवय आहे. सुरू होताना तारीख शेवटच्या नोंदीच्या मागची निघाली तर कार्यक्रमाने नोंद घेण्याआधी विचारावं. बॅटरी तर बदलावीच.

*

अनुक्रमांकाबद्दल जरा थांबून बोललं पाहिजे. चाळीसही केंद्रं एकपासून मोजू लागली तर वर आल्यावर टक्कर होणार, हे सगळ्यांना दिसतं. म्हणून किल्ली केंद्र क्रमांक आणि अनुक्रमांक अशी जोडीने करतात; किंवा यूयूआयडी घेतात, म्हणजे दुसरीकडे कुठे पुन्हा न येणारी लांबलचक खूण, ज्याची वेळेनुसार चढणारी सातवी आवृत्ती 2024 साली मान्य झाली. मला जोडीची किल्ली आवडते, कारण ‘17 केंद्राची 8,214 नंबरची पावती’ फोनवर सांगता येते. यूयूआयडी फोनवर सांगून बघा.

पण जोडीच्या किल्लीत एक सापळा आहे. केंद्राचा संगणक बिघडतो. दुरुस्तीवाला तो पुसून दहा दिवसांपूर्वीचा बॅकअप उतरवतो. मोजणी 8,214 वर होती ती 5,814 वर येते, आणि उद्या सकाळपासून तेच क्रमांक नव्या दुधाला मिळू लागतात. वर ते क्रमांक आधीच आहेत. वर ‘क्रमांक असेल तर सोडून दे’ असं लिहिलेलं असेल, आणि बहुधा तसंच लिहिलेलं असतं, तर दहा दिवसांचं नवं दूध मुकाट्याने टाकलं जातं. चूक नाही, इशारा नाही. बिल निघतं तेव्हा गाव ओरडतं.

उपाय स्वस्त आहे. किल्लीत तिसरा आकडा घालायचा: वहीचा क्रमांक. बॅकअप उतरवला किंवा यंत्र बदललं की नवी वही. 17-2-1 पासून सुरुवात. आणि वरच्या टोकाला प्रत्येक नोंदीचा हॅश, म्हणजे तिच्या मजकुरावरून काढलेला ठसा, ठेवायचा. तोच क्रमांक, तोच हॅश: दुसऱ्यांदा आलेली नोंद, खुशाल सोडा. तोच क्रमांक, हॅश वेगळा: तंट्याच्या टेबलात टाका आणि माणसाला उठवा.

दूध नोंदींसारख्या नुसत्या भर पडत जाणाऱ्या कामासाठी माझा कल पोस्टाच्या पेटीकडे आहे, म्हणजे आउटबॉक्सकडे. केंद्रावर साधं पोस्टग्रेस किंवा एसक्यूलाइट. दूध नोंद आणि ‘पाठवायचं आहे’ ही ओळ एकाच ट्रॅन्झॅक्शनमध्ये लिहायची; दोन्ही लिहिल्या जातात किंवा एकही नाही. ती पक्की झाल्यावरच पावती छापायची. उलटा क्रम ठेवला आणि मध्येच वीज गेली तर उत्पादकाच्या हातात पावती असते आणि वहीत दूध नसतं. एसक्यूलाइट वॉल पद्धतीत चालवत असाल तर ‘सिंक्रोनस’ नावाची सेटिंग ‘फुल’ वर ठेवा. ‘नॉर्मल’ वर डेटाबेस बिघडत नाही, पण वीज गेल्यावर शेवटच्या काही नोंदी मागे फिरू शकतात.

अनुक्रमांक डेटाबेसच्या सीक्वेन्समधून, म्हणजे त्याच्या आपोआप वाढणाऱ्या मोजणीतून, घेऊ नये. रद्द झालेल्या ट्रॅन्झॅक्शनचे आकडे सीक्वेन्स परत घेत नाही, मोजणीत भोकं पडतात, आणि मग हरवलेली नोंद व न झालेली नोंद यांत फरक करता येत नाही. शिवाय दोन खिडक्यांवर काम चालू असेल तर 101 आधी पक्का होतो आणि 100 नंतर. पाठवणारा 101 वाचून पुढे गेला की 100 कायमचा मागे. एका ओळीत मोजणी ठेवावी आणि ती ओळ धरून वाढवावी. दिवसाला 240 नोंदींना त्याने काही मंदपणा येत नाही.

पाठवणारा कार्यक्रम शंभरेक नोंदींची तुकडी दाबून एचटीटीपीएसवर पाठवतो. जोडणी केंद्राकडून निघते, त्यामुळे बोगदाही लागत नाही. वरून उत्तर येतं ते ‘8,214 पर्यंत सलग मिळालं’ एवढं. पोच आल्याशिवाय काही पाठवलं असं मानायचं नाही. आणि पोचच हरवते, हे गृहीत धरायचं. तुकडी पोचली, लिहिली गेली, उत्तर येताना लाइन गेली, हा अपवाद नव्हे, रोजचा व्यवहार आहे. म्हणून तीच तुकडी तीनदा आली तरी वर काही बिघडता कामा नये. अपयश आलं की पाच सेकंद, दहा, वीस असं दुप्पट करत पंधरा मिनिटांपर्यंत थांबायचं, आणि प्रत्येक थांब्यात थोडा अनियमितपणा मिसळायचा. नाहीतर फीडरची वीज आली की चाळीसही केंद्रं एका सुरात दार ठोठावतात. जोडणीला स्वतःची मुदत द्यावी, 30 सेकंद पुष्कळ. लिनक्सच्या भरवशावर राहिलात तर ते निष्क्रिय जोडणीची पहिली विचारपूस दोन तासांनी करतं. तोवर मेलेली लाइन जिवंतच दिसते.

हे सगळं काही शे ओळींचं काम आहे. स्वतः लिहायला हरकत नाही. डेटाबेस वेगवेगळे असतील, टेबलं पन्नास असतील, तर सिमेट्रिकडीएस घ्यावं. तेही ट्रिगरने (नोंद होताच आपोआप चालणाऱ्या सूचनेने) बदल टिपून एचटीटीपीवर तुकड्याच पाठवतं. जे स्वतः लिहू नये ते म्हणजे दोन्हीकडून एकाच ओळीत लिहू देणारं काही. तिथे भलेभले फसलेत.

दरपत्रक उलट दिशेने येतं आणि त्याची गंमत वेगळी. फॅट 3.0 ते 5.0 आणि एसएनएफ 8.0 ते 9.0, दशांशाच्या पायरीने, म्हणजे 21 गुणिले 11, 231 चौकटी. यातली एकेक चौकट बदलून पाठवली आणि मध्येच लाइन गेली तर केंद्रावर निम्मं जुनं निम्मं नवं दरपत्रक तयार होतं, जे कुणीच ठरवलेलं नसतं. पूर्ण पत्रक एका क्रमांकाखाली पाठवावं, ‘16 तारखेच्या संध्याकाळपासून लागू’ अशा खुणेसह आणि दोन-तीन दिवस आधी. जुनं पुसायचं नाही. प्रत्येक दूध नोंदीत कुठल्या पत्रकाने दर काढला तो क्रमांक लिहायचा. केंद्र बंद लाइनमुळे जुन्याच दराने पावत्या देत राहिलं, तर त्या पावत्या बदलायच्या नाहीत. कार्यालयाने फरकाची वेगळी ओळ बिलात टाकायची. उत्पादकाला हातातली पावती आणि बिलातली रक्कम जुळताना दिसते, खाली ‘दर फरक’ दिसतो, आणि तो मान्य करतो.

एक गोष्ट मात्र कीर्दीने सुटत नाही: जिथे एकत्र मर्यादा पाळायची असते. सभासदाला पाच पोत्यांपर्यंत पशुखाद्य उधार. त्याने चार या केंद्रावरून आणि चार शेजारच्या गावातून एकाच दिवशी उचलली, दोन्हीकडे नेट बंद. दोन्ही नोंदी खऱ्या, एकही चुकीची नाही, आणि मर्यादा मोडली. यावर एकच वाट आहे: मर्यादा आधीच वाटून द्यायची. त्याच्या मूळ केंद्रावर चार, बाकी सगळीकडे मिळून एक, आणि ते एक देताना फोन करायचा. अंगावर रोख रक्कम देऊन माणसाला बाजारात पाठवतात तसंच. तो तेवढ्यातच खर्चतो, विचारायला परत येत नाही.

*

रेप्लिकेशन चालू आहे हे कशावरून कळतं? पडद्यावरचा हिरवा दिवा बघून नाही. सकाळचं संकलन संपलं की केंद्राने ताळ्याची एक ओळ लिहावी: केंद्र 17, तारीख, सकाळ, नोंदी 118, लिटर 1,043.5, शेवटचा क्रमांक. वर कार्यालय आपल्या टेबलावरून तीच बेरीज करतं. ताळा जुळला तर जुळला. नाही जुळला तर मधला क्रमांक कुठला ते दिसतं आणि तेवढाच मागवता येतो. ही ओळ इतकी लहान आहे की एका एसएमएसमध्ये मावते. रोमन अक्षरांत आणि आकड्यांत 160 जागा असतात, देवनागरीत लिहिलं तर 70, तेव्हा आकडेच पाठवावेत. डेटा पार मेलेल्या दिवशीही एसएमएस पुष्कळदा जातो. मग नोंदी पोचल्या नसल्या तरी किती दूध निघालं हे चिलिंग सेंटरला टँकर यायच्या आधी कळतं.

आणि टँकर तर रोज जातोच. नोंदींची फाइल कूटबद्ध करून पेनड्राइव्हवर टाकून चालकाकडे देता येते. नेट पंधरा दिवस बंद असलं तरी नोंदी एका दिवसाहून अधिक शिळ्या होत नाहीत. दुपारी लाइन आली आणि त्याच नोंदी नेटनेही गेल्या तरी बिघडत नाही, दुसऱ्यांदा आलेलं ओळखता येतं. फक्त पेनड्राइव्ह दोन ठेवावेत, एक जाणारा आणि एक येणारा, कारण परतीच्या पेनड्राइव्हवर पोच आणि नवं दरपत्रक यायचं असतं.

चाळीस केंद्रांवर लावण्याआधी एका टेबलावर दोन संगणक मांडून हे सगळं मोडून बघावं. लिनक्सच्या नेटएमने, म्हणजे लाइन मुद्दाम बिघडवणाऱ्या अवजाराने, 600 मिलिसेकंदांचा उशीर आणि 20 टक्के गळती लावा आणि हजार नोंदी पाठवा. तुकडी जात असताना केबल उपटा, मग वीज उपटा. केंद्राचं घड्याळ दोन वर्षं मागे न्या. दहा दिवसांपूर्वीचा बॅकअप उतरवा आणि लगेच दूध घ्यायला लागा. एक यंत्र वीस दिवस बंद ठेवा, मधल्या काळात दुसरीकडे दोन दरपत्रकं आणि एक रकाना बदला, आणि मग ते चालू करून नुसते बसून राहा. अर्ध्या तासात ताळा जुळायला हवा, कुणी कळफलकाला हात न लावता.